नुक्ता, टिंब आणि बिंदू

पहिलीच्या वर्गाला उर्दू शिकवायचं म्हणजे निम्मं काम नुक्ते शिकवण्याचं असतं. ‘बे’, ‘पे’, ‘ते’, ‘से’ ही अक्षरं दिसायला सारखीच, पसरट होडीसारखी. खाली एक नुक्ता दिला की ‘बे’, खाली तीन दिले की ‘पे’, वर दोन दिले की ‘ते’, वर तीन दिले की ‘से’. नुक्ता विसरला तर ती नुसती रिकामी होडी. तिला आवाज नाही आणि नावही नाही. मुलं भाजीत जिरं टाकावं तसे नुक्ते टाकून मोकळी होतात. मग त्यांना समजवावं लागतं की बाळा, ‘खुदा’मधला वरचा नुक्ता खाली उतरला की त्याचा ‘जुदा’ होतो.

मधल्या सुट्टीनंतर त्याच मुलांना मराठी वाचन. तिथे नुक्त्याला टिंब म्हणायचं. ‘आबा’च्या डोक्यावर टिंब दिलं की ‘आंबा’. मुलांना याचं भारी हसू येतं. सकाळी उजवीकडून डावीकडे, दुपारी डावीकडून उजवीकडे असा आमच्या वर्गाचा दिवस जातो. बाहेरच्यांना हे कठीण वाटतं. मुलांना वाटत नाही. त्यांच्यासाठी ठिपका तो ठिपकाच.

तिसरा ठिपका मला फार उशिरा भेटला. जुलै 2016 मध्ये सय्यद हैदर रझा या चित्रकाराचं दिल्लीत वयाच्या 94व्या वर्षी निधन झालं, तेव्हा मी नुकतीच बी.एड. होऊन नोकरीला लागले होते. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा. वर्तमानपत्रात त्यांचं चित्र छापून आलं होतं. मधोमध एक मोठं काळं वर्तुळ, भोवती रंगांची वलयं. स्टाफरूममध्ये एकाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “हे तर माझा पोरगाही काढेल. याचे कोट्यवधी रुपये?” रझांचं ‘सौराष्ट्र’ हे चित्र 2010 साली लंडनच्या लिलावात सोळा कोटी रुपयांहून जास्त किमतीला गेलं होतं. बातमीत ते होतंच. आपल्याकडे चित्रकार वर्तमानपत्रात येतो तो मरण आलं की, नाहीतर मोठी किंमत आली की.

माझं लक्ष मात्र त्या बातमीतल्या एका लहानशा मजकुरावर अडकलं. रझा प्राथमिक शाळेत होते. मंडला जिल्ह्यातलं काकैया नावाचं खेडं, तिथली शाळा. पोरगं चंचल, वर्गात चित्त नाही, सगळं ध्यान बाहेरच्या झाडांकडे आणि पाखरांकडे. तेव्हा नंदलाल झरिया नावाच्या मास्तरांनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि मुलाला सांगितलं की याच्याकडे बघत बस. रझा ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

मी शिक्षिका आहे, म्हणून ती गोष्ट मला वेगळी लागली. मास्तरांनी तो ठिपका चित्रकार घडवण्यासाठी काढलेला नव्हता. एका दंगेखोर पोराला जरा गप्प बसवायचं, एवढाच बेत असणार. आपण रोज असं काहीतरी करतोच. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हाही त्यातलाच प्रकार. पण त्या मुलाने तो ठिपका जवळजवळ पन्नास वर्षं जपला आणि मग जगापुढे ठेवला. मधल्या काळात काय झालं, हे समजून घ्यायची मला ओढ लागली. मिळेल ते वाचलं, छापील चित्रं पाहत गेले. हा लेख त्यातूनच आला आहे. मी चित्रकलेची जाणकार नाही. एका माणसाला स्वतःची नजर कशी सापडली आणि सापडायला इतका वेळ का लागला, एवढंच मला विचारायचं आहे.

रझांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील सय्यद मोहम्मद रझी वनखात्यात होते, आई ताहिरा बेगम. वनखात्याची नोकरी म्हणजे घर जंगलाच्या काठाला. आज ज्याला आपण कान्हाचं जंगल म्हणतो त्याच मुलखातलं हे बालपण. रात्रीच्या जंगलाची त्यांना भीती वाटे. अंधारात दिलासा असे तो गोंडांच्या नाचाचा आणि ढोलाचा. सकाळ झाली की जीवात जीव येई आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ऊन आणि रंग यांची नुसती गर्दी होई. या आठवणी त्यांनी म्हातारपणापर्यंत सांगितल्या. काळोख, मग उजेड, मग रंग. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे दमोहला हायस्कूल झालं आणि 1939 साली ते नागपूरला आले. बापूराव आठवले यांच्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये ते 1943पर्यंत शिकले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. मंडल्याच्या मुलाला थोरलं शहर म्हणजे नागपूरच. आमच्या विदर्भाशी रझांचं हे नातं आमच्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, पण पोचायला उशीर झाला आणि जागा गेली. परत फिरायचं नाही असं ठरवून त्यांनी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझाइन काढण्याची नोकरी धरली. दिवसभर दुसऱ्यासाठी रेघा ओढायच्या आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढायची. जे. जे.चं शिक्षण त्यांनी नंतर घेतलंच.

मुंबईतली त्यांची सुरुवातीची चित्रं जलरंगातली. रस्ते, पाऊस, गर्दी. हात तयार होता, लोक कौतुक करत होते. 1947 साली सुझा, आरा, हुसेन, गाडे, बाक्रे आणि रझा यांनी मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. या सहा जणांत गाडे आमच्या अमरावती जिल्ह्यातले आणि हुसेन पंढरपूरचे. इंग्रजांच्या शाळेने शिकवलेलं हुबेहूब चित्र नको आणि जुन्या पोथीतल्या आठवणींचं गोड चित्रही नको, असं या तरुणांचं म्हणणं होतं. काय नको ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. काय हवं, ते मात्र प्रत्येकाने एकट्याने शोधायचं होतं.

त्याच सुमारास रझांच्या घराची वाताहत झाली. 1947 साली आई गेली, 1948 साली वडील गेले. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, पहिली पत्नीही गेली. सव्वीस वर्षांचा हा मुलगा मागे राहिला. लहानपणी मंडल्यात त्यांनी गांधीजींना पाहिलं होतं, आणि हा देश सोडणं म्हणजे त्या माणसाशी बेइमानी करणं, असं त्यांना वाटे. म्हातारपणी त्यांनी गांधीजींवर चित्रांची एक मालिकाच केली. आमच्या घराघरांत अशा गोष्टी आहेत. कुणाचे चुलत आजोबा गेले, कुणाची आत्या गेली, एखाद्या जुन्या ट्रंकेत कराचीचं पत्र सापडतं. जे राहिले त्यांना ‘तुम्ही का राहिलात’ असं विचारायची पद्धत अजून गेलेली नाही. रझांनी या प्रश्नाचं भाषण केलं नाही. ते राहिले, एवढंच.

1948 साली ते काश्मीरला चित्रं काढायला गेले. तिथे त्यांची गाठ हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. त्याने चित्रं पाहिली आणि सांगितलं की तुझ्यात हुनर आहे, पण चित्रात बांधणी नाही. सेझानचा अभ्यास कर. असं कोणी तोंडावर बोललं की आपण दोनपैकी एक करतो. रागावतो, नाहीतर खचतो. रझा मुंबईत येऊन फ्रेंच शिकायला लागले. 1950 साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले आणि साठ वर्षं तिथेच राहिले.

तिथे काय झालं? बाहेरून पाहिलं तर सगळं छानच झालं. बांधणी आली. फ्रान्समधल्या डोंगरावरच्या गावांची चित्रं त्यांनी काढली. घरं एकमेकांना टेकलेली, कोनाकोनांची, माणूस एकही नाही. 1956 साली त्यांना तिथल्या समीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला, प्री द ला क्रितीक. फ्रान्सबाहेरच्या चित्रकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. 1959 साली जानीन मोंजिला या फ्रेंच चित्रकर्तीशी विवाह झाला. 1962 साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात शिकवायला गेले, तिथे रॉथ्कोची चित्रं पाहून त्यांच्या रंगांना नवी मोकळीक मिळाली. घरं विरघळली, नुसता रंग वाहू लागला. चित्रं विकली जात होती, नाव झालं होतं. आमच्यासारखा माणूस इथे ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून थांबला असता.

आणि इथेच त्यांची बेचैनी सुरू झाली. पन्नाशीला आलेला, सगळं मिळालेला हा माणूस स्वतःला विचारू लागला की ही उत्तम फ्रेंच चित्रं झाली, पण यात मी कुठे आहे? मंडल्याचा तो मुलगा कुठे आहे? हा प्रश्न अपयशातून आला असता तर मला त्याचं नवल वाटलं नसतं. तो यशाच्या शिखरावर आला. दुसऱ्याच्या भाषेत आपण चांगलं बोलतो असं सगळे म्हणायला लागले, की बोलणारा गप्प होतो. मला हे ओळखीचं वाटलं.

मग ते पुन्हा पुन्हा भारतात येऊ लागले. अजिंठा-वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान पाहून आले. भारतीय लघुचित्रांकडे नव्याने बघितलं, त्यातले तापलेले लाल आणि पिवळे रंग चित्रांत उतरले. मंडल्याकडेही पावलं वळत. आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या चित्रात ते काळं वर्तुळ ठामपणे येऊन बसलं. बिंदू.

हा बिंदू एका दिवसात आभाळातून पडला असं मला वाटत नाही. पन्नासच्या दशकात त्यांनी केलेल्या निसर्गचित्रांत, त्या निर्मनुष्य गावांवर, एक काळा सूर्य लटकलेला असे. जंगलातल्या रात्रीच्या भीतीलाही तोच रंग होता. म्हणजे ठिपका हाताशी होताच. पण तो कोपऱ्यात होता, देखाव्याचा भाग म्हणून. त्याला मधोमध आणायला आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती मांडायला वीस-पंचवीस वर्षं लागली. तंत्र शिकावं लागलं, यश चाखावं लागलं, मग त्या यशाला पाठ दाखवावी लागली. मास्तरांनी काढलेला ठिपका एवढ्या सगळ्या रस्त्याने फिरून चित्रात आला. घरीच बसले असते तर तो असाच आला असता का, असा प्रश्न पडतो. मला वाटतं, आला नसता. भिंतीवरचा ठिपका आणि चित्रातला बिंदू यांच्यामध्ये सेझान आहे.

काळा हा त्यांच्या मते सर्व रंगांची जननी. त्यातून पिवळा, निळा, लाल, पांढरा निघतात. पंचतत्त्वांशी त्यांनी या रंगांचं नातं जोडलं. कधी बिंदूभोवती वलयं, कधी खाली त्रिकोण, कधी बीज फुटतंय असा आकार. 1981 सालच्या ‘माँ’ या चित्रात काळ्या बिंदूच्या जोडीला त्यांनी देवनागरी अक्षरांत हिंदी कवितेची ओळ लिहिली. पुढची तीस-पस्तीस वर्षं ते बिंदूच काढत राहिले. टीकाकार म्हणाले, हा माणूस स्वतःलाच गिरवतो आहे. रझांनी उत्तर दिलं ते जपमाळेचं. तेच नाव पुन्हा पुन्हा घेतल्याने ते शिळं होत नाही, आत उतरत जातं. आमच्या घरी हे समजवावं लागणार नाही. अम्मीच्या हातात फजरनंतर तस्बीह असते. तेहतीस दाण्यांवर तेच तीन शब्द फिरत राहतात, आणि तिला कुणी ‘रोज तेच काय’ म्हणून विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

रझांविषयी बोलायला लागलं की दोन बाजूंनी दोन आवाज येतात. एक आपल्यातला. सय्यद घराण्यातला मुलगा आणि बिंदू, कुंडलिनी, प्रकृती असली नावं देतो? याला आपलं काही सापडलं नाही का? दुसरा आवाज पलीकडचा, आणि तो गोड असतो. बघा, रझांसारखे मुसलमान असले पाहिजेत. मला हे दोन्ही आवाज एकाच घरातले वाटतात. दोघांनाही चित्राशी देणंघेणं नाही, दोघांनाही दाखला हवा आहे. एकाला दीनचा, दुसऱ्याला देशाचा. चित्रासमोर उभं राहून दाखला मागायचा म्हणजे पोस्टमनने पत्र आणून दिल्यावर त्याचीच चौकशी करत बसायचं आणि पत्र फोडायचंच नाही.

रझांचं ‘आपलं’ कुठून आलं ते पाहा. ते कुठल्या यादीतून आलं नाही. ज्या मातीत ते खेळले, ज्या शाळेत बसले, ज्या मास्तरांनी त्यांना वळण लावलं, ज्या बाजारातले रंग त्यांनी पाहिले, त्यातून ते आलं. काकैयाच्या शाळेत ‘बिंदू’ हा शब्द मिळाला म्हणून बिंदू. जे जगलं ते आपलं, एवढा साधा हिशेब. 2002 साली पत्नीचं निधन झाल्यावर काही वर्षांनी, 2010च्या अखेरीस, ते कायमचे भारतात परतले. देह ठेवल्यावर त्यांना मंडल्यात त्यांच्या वालिदांच्या कबरीशेजारी दफन करण्यात आलं. नर्मदेने तीन बाजूंनी वेढलेलं ते गाव. बिंदू काढणारा हा माणूस बापाशेजारी कबरीत निजला आहे. यात विरोध दिसतो तो आपल्याला, त्यांना तो कधी दिसला नसावा.

मात्र त्यांच्या बिंदूला मी ओढूनताणून नुक्ता म्हणणार नाही. तसा मोह होतो, हे खरं. आमच्या खताती म्हणजे सुलेखनाच्या परंपरेत नुक्त्याचं स्थान फार मोठं आहे. दहाव्या शतकात बगदादला इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. त्याने अक्षरांना माप दिलं, आणि ते माप म्हणजे नुक्ता. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. ते कागदावर टेकवून ओढलं की चौकट उभ्या कोनावर तोलून धरावी तसा ठिपका उमटतो. अलिफ किती नुक्ते उंच, त्याच्यावरून बाकी अक्षरांची वळणं किती, हे सगळं त्यातून ठरलं. दरबारी राजकारणात या माणसाचा उजवा हात तोडण्यात आला आणि 940 साली तो कैदेत मेला. त्याने दिलेलं माप मात्र हजार वर्षं चाललं.

इब्न मुक्लाचा नुक्ता मोजण्यासाठी आहे. रझांचा बिंदू स्थिर होण्यासाठी आहे. मराठीतलं टिंब आवाजासाठी आहे. ते नाकातून उच्चारलं जातं. तिन्ही ठिपके वेगळ्या घरचे. पण रझांच्या चित्राकडे मी पाहते तेव्हा माझ्या डोळ्यांत पहिलीची पाटी असते, हे मला थांबवता येत नाही आणि थांबवायचंही नाही. चित्रकार त्याच्या जागेवरून पाहतो, बघणारा त्याच्या जागेवरून. माझी जागा ही आहे.

या जागेविषयी थोडं बोलते, कारण रझांचा प्रश्न मला तिथेच बोचतो. मी उर्दूत शिकले, उर्दूत शिकवते आणि लिहिते मराठीत. घरी जी बोली बोलतो तिला उर्दूवाले अशुद्ध म्हणतात आणि मराठीवाले मुसलमानी म्हणतात. साहित्यिक बैठकीत मी काही वाचून दाखवलं की एक विचारतो, “मॅडम, तुम्ही उर्दूत का लिहीत नाही?” दुसरा सांगतो, “तुमच्या समाजातलं लिहा ना, पडदा, तलाक वगैरे.” एकदा मी शेवग्याच्या झाडावर लिहिलं होतं, आमच्या अंगणातल्या. ऐकून एक गृहस्थ प्रेमाने म्हणाले, “छान आहे, पण यात मुस्लिम अनुभव दिसत नाही.” ते झाड माझ्या अब्बांनी लावलेलं, त्याच्या शेंगा रमजानमध्ये मोहल्ल्यात वाटल्या जातात. मी हे लेखात लिहिलं नव्हतं, कारण मला शेवग्याची फुलं कशी गळतात ते लिहायचं होतं. आता मी ठरवलं आहे की आपलं काय ते विचारणाऱ्याच्या यादीतून घ्यायचं नाही. रझा पॅरिसला राहून मंडला काढू शकले, तर मला मराठीत माझं अंगण लिहिता आलं पाहिजे.

हीच अडचण मुलांची होते, आणि ती फार लवकर होते. आमच्या शाळेतून काही मुलं शासकीय रेखाकला परीक्षेला, म्हणजे एलिमेंटरीला बसतात. चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. भूमितीत आमची मुलं बरी. गाडी अडते स्मरणचित्रात. ‘बाजाराचे दृश्य’ असा विषय आला की मुलं मार्गदर्शक पुस्तकातलं चित्र पाठ केलेलं असतं तेच उतरवतात. मागे देवळाचा कळस, पुढे डोक्यावर टोपली घेतलेली नऊवारीतली बाई, बाजूला फेटेवाला. एकाही कागदावर आमच्या गावचा बाजार नसतो. मी म्हटलं, हे नको, तुमचं काढा. तर दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी मशीद, चाँद आणि तारा काढून आणला. तेही पाठ केलेलंच होतं, फक्त दुसऱ्या पुस्तकातलं. पाहिलेलं काहीच नव्हतं.

आठवीतली एक मुलगी तेवढी वेगळी होती. वहीच्या मागच्या पानांवर ती कोंबड्या, शेळ्या, भांडणाऱ्या बायका काढायची. तिचं नाव परीक्षेला द्यायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, “आपा, अब्बा नको म्हणतात.” मी त्यांना भेटायला गेले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. ते अदबीने उठले, खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, “टीचर, जानदार की तस्वीर का मसला है.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. हा मसला शेकडो वर्षांचा आहे, त्यावर उलेमांमध्येच वेगवेगळी मतं आहेत आणि मी काही आलिमा नाही. पण दुकानाच्या फरशीवर खडूने एका जाळीचा नमुना काढलेला होता. मधे वर्तुळ, त्यातून निघालेले त्रिकोण, कडेला वेल. दोरी आणि खडूने काढलेलं, मापात एक सूतही चूक नाही. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाले, “कोणी नाही. हात आपोआप चालतो.” मी म्हटलं, तिचाही हात आपोआप चालतो, तो तुमचाच आहे.

ते बराच वेळ गप्प राहिले. “सोचके बताता,” एवढंच म्हणाले. चार दिवसांनी मुलीने परीक्षेची फी आणून दिली. सोबत निरोप होता, की परीक्षेपुरतं जे लागेल ते काढू दे, पण ज्या खोलीत नमाज होते तिथे ती चित्रं लागणार नाहीत. मला ती अट मान्य होती. घर त्यांचं आहे, आणि त्यांनी मुलीचा हात धरून ठेवला नव्हता.

सरावासाठी मी सगळ्यांना ‘एक दुकान’ हा विषय दिला. फळ्यावर काहीही काढलं नाही, पुस्तकंही बंद ठेवायला सांगितली. तिने वेल्डिंगचं दुकान काढलं. अब्बा उकिडवे बसलेले, तोंडावर काच धरलेली, मागे अर्धवट जाळी टेकवलेली. सबंध कागद तिने पेन्सिलीने काळाभोर रंगवला होता आणि जिथे वेल्डिंगचा उजेड असतो तेवढी रुपयाएवढी जागा कोरी सोडली होती. मी विचारलं, इथे रंग का दिला नाहीस? म्हणाली, “तिकडे बघायचं नसतं ना आपा. मी कधी बघितलंच नाही.”

मी त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. परीक्षेच्या नियमाने त्यात दोष होते. दुकान वाकडं होतं, हात आखूड होते. पण हे दृश्य दुसऱ्या कोणी काढू शकलं नसतं. मी तिला रझांची गोष्ट सांगितली, त्यांची छापील चित्रं दाखवली. तिने काळ्या वर्तुळावर बोट ठेवून विचारलं, “याच्यात पण बघायचं नसतं का?” मी म्हटलं, याच्यात बघायचं असतं. तिला ‘बी’ श्रेणी मिळाली. आता तिला पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला बसायचं आहे. दहावीनंतर घरचे शिकवतील की नाही, ते आज मला सांगता येत नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न अकरावीतच झालं.

काकैयाच्या त्या मास्तरांची मला अनेकदा आठवण येते. त्यांनी ठिपका काढला आणि ते पुढच्या पोराकडे वळले असतील. आपण शिक्षक मुलांना काय काय देतो, त्यातलं कोणतं मूल काय उचलतं, याचा पत्ता आपल्याला लागत नाही, आणि लागलाच तर पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला लागतो. म्हणून निदान देण्याची जागा तरी मोकळी ठेवावी असं मला वाटतं. आमच्या वेळापत्रकात चित्रकलेचा आठवड्याला एक तास आहे. जानेवारी लागला की तो गणिताच्या उजळणीला जातो. यंदा मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे की शुक्रवारचा तो तास घेऊ नये. त्यांनी अजून सही केलेली नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. तोवर दर शुक्रवारी मी कोरे कागद वाटते आणि फळा पुसून ठेवते.